एकवीस टक्क्यांचं काय झालं? गुऱ्हाळावरच्या संशोधनातून धडे काढताना : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाचा विभाग आणि ग्रामीण ऊर्जेवर काम करणारी एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गुऱ्हाळाच्या सुधारित चुलवाणावर, म्हणजे रस आटवायच्या भट्टीवर, तीन हंगाम काम केलं. संस्था, गावं आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे काढून टाकले आहेत. काही आकडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतली सहा गुऱ्हाळं निवडली होती. तीन ठिकाणी नवं चुलवाण बांधलं आणि तीन ठिकाणी तुलनेसाठी जुनंच ठेवलं. नव्या रचनेत जळण जाळीवर जळायचं, हवा खालून यायची, धुराडं उंच होतं. मुख्य काहिलीच्या (रस आटवायच्या मोठ्या कढईच्या) मागे, धुराच्या वाटेवर, एक दुसरी काहील बसवली होती. धुराबरोबर फुकट जाणाऱ्या उष्णतेवर पुढच्या आधणाचा, म्हणजे उकळायच्या पुढच्या खेपेचा, रस आधीच तापावा, ही त्यामागची कल्पना. या दुसऱ्या काहिलीमुळे चुलवाणाची लांबी सुमारे १२ फुटांनी वाढली. हे १२ फूट पुढे फार महाग पडले, पण तेव्हा ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत.

मोजमाप एकच ठरलं होतं : एक किलो गुळासाठी किती किलो चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जळलं. चिपाड काट्यावर तोलायचं, गुळाचे रवे तोलायचे, भागाकार करायचा. पहिल्या हंगामात जुन्या चुलवाणांवर २.४ किलो आणि नव्यांवर १.९ किलो लागलं, म्हणजे २१ टक्के बचत. यावर एक पत्रक छापलं गेलं आणि शेतकरी मेळाव्यात वाटलं गेलं. दुसऱ्या हंगामात आकडे २.५ आणि २.४ आले, म्हणजे बचत ४ टक्क्यांवर घसरली. तिसऱ्या हंगामात दोन्हीकडे २.२. बचत शून्य.

अडचण

निधी देणाऱ्या संस्थेला अंतिम अहवालात ‘शिकलेले धडे’ हे प्रकरण हवं होतं आणि शेवटचा हप्ता अहवाल मंजूर होण्यावर अडकलेला होता. अशा वेळी सगळीकडे जे होतं तेच इथेही झालं. एका सहायकाने दोन संध्याकाळी बसून २७ धडे लिहून काढले.

त्या यादीत ११ धडे ‘भागीदारांमध्ये समन्वय वाढवावा’, ‘नियोजन वेळेत करावं’ अशा जातीचे होते. ९ म्हणजे उशिरा आलेले हप्ते, बिलांच्या मंजुऱ्या, गाडीची सोय अशा तक्रारी होत्या. उरलेल्या ७ मध्ये काहीतरी दम होता, पण तोही अर्धवट. बचत का घसरली याचं उत्तर यादीत चौदाव्या क्रमांकावर एका ओळीत दिलं होतं : ‘गुळव्यांना (गूळ शिजवणाऱ्या कारागिरांना) पुरेसं प्रशिक्षण द्यावं.’

ही ओळ कोणालाच खटकण्यासारखी नव्हती. प्रकल्पप्रमुखांना ती सोयीची होती, कारण रचनेवर डाग येत नव्हता. निधी देणाऱ्यांनाही पटण्यासारखी होती, कारण प्रशिक्षणासाठी पुढचा प्रस्ताव मागता येतो. गुळवे तर अहवाल वाचणारच नव्हते. ज्या धड्यावर सगळे सहज माना डोलावतात आणि दोष गैरहजर माणसावर जातो, तो धडा दोनदा तपासलेला बरा.

मसुदा वाचताना सहसंशोधक बाईंनी एकच प्रश्न विचारला. बचत शून्य असेल, तर तिन्ही मालकांपैकी एकानेही नवं चुलवाण मोडून जुनं का बांधलं नाही? गुऱ्हाळमालक महाविद्यालयाच्या भिडेखातर तोट्याची भट्टी हंगामभर पेटवत नाही. या प्रश्नाला २७ धड्यांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं, आणि मसुदा तिथेच थांबला.

विचारात घेतलेले पर्याय

मुदतीला सात आठवडे होते. चार पर्याय चर्चेत आले.

आहे तीच यादी भाषा सुधारून पाठवणं हा पहिला. चार दिवसांचं काम, हप्ता वेळेत, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारणारही नव्हतं.

बाहेरचा मूल्यमापक आणणं हा दुसरा. तटस्थता मिळाली असती, पण तीन हंगामांच्या नोंदी समजून घेण्यातच त्याचा महिना गेला असता आणि त्यासाठी पैसेही उरले नव्हते.

तिसरा पर्याय सगळ्यांना एका दिवसासाठी सभागृहात बोलावून चर्चा करण्याचा होता. अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकात रुजलेली कृतीनंतरची उजळणी याच धर्तीची आहे : काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं. पद्धत चांगली आहे, पण ती घटना ताजी असताना आणि दर्जाचा दाब बाजूला ठेवता येत असेल तेव्हाच चालते. इथे पहिल्या हंगामाला अडीच वर्षं उलटली होती, आणि प्राचार्य, गुऱ्हाळमालक व त्याच्याकडे मजुरीला असलेला गुळव्या एकाच खोलीत बसणार होते. गुळव्या तिथे काय बोलणार?

चौथा पर्याय निवडला गेला. आधी कागदपत्रांवरून घटनाक्रम, मग एकेकाच्या मुलाखती, मग प्रतिस्पर्धी कारणांची तपासणी आणि शेवटी छोटी संयुक्त बैठक. पाच आठवडे कामाला, दोन लेखनाला. मुलाखती प्रकल्पप्रमुखांनी घ्यायच्या नाहीत हेही तेव्हाच ठरलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी मान्य केलं. सहसंशोधक बाई आणि प्रकल्पात नसलेले दुसऱ्या विभागाचे एक प्राध्यापक अशी जोडी ठरली.

प्रत्यक्ष काय केलं

घटनाक्रम. एका माणसाचे नऊ दिवस यात गेले. काट्याच्या पावत्या, आधणाची नोंदवही, बांधकामाची बिलं, बैठकांची इतिवृत्तं, क्षेत्र सहायकाची डायरी आणि प्रकल्पाचा व्हॉट्सॲप गट एवढं साहित्य होतं. तक्त्याला तीन रकाने : त्या दिवशी काय झालं, त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं, आणि पुरावा कुठे आहे. मधला रकाना लोक हमखास गाळतात. निकाल कळल्यावर माणसाला वाटतं की तो आधीच दिसत होता. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं. ‘तेव्हा काय माहीत होतं’ हे वेगळं लिहिलं नाही, की धडे काढणारा माणूस मागाहून शहाणा होतो आणि ज्याने निर्णय घेतला तो मूर्ख ठरतो. केवळ आठवणीवर आधारलेल्या नोंदी लाल शाईत ठेवल्या. तक्ता पूर्ण झाला तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश लाल होता, आणि पहिल्या हंगामातला लाल रंग सर्वांत दाट.

घटनाक्रम लागताच पहिली गोष्ट उघडी पडली आणि त्यासाठी कोणाच्या मुलाखतीचीही गरज नव्हती. पहिल्या हंगामात नवी चुलवाणं वेळेत बांधून झाली नव्हती. विटा उशिरा आल्या आणि मोजणी जानेवारीच्या मध्यावर सुरू झाली. जुन्या चुलवाणांची मोजणी मात्र नोव्हेंबरपासून चालू होती. म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या सरासरीशी जानेवारी ते मार्चची सरासरी ताडून पाहिली होती.

गुऱ्हाळात हा फरक साधा नाही. नोव्हेंबरात ऊस कोवळा, रस १८ ब्रिक्सच्या आसपास, म्हणजे शंभर भाग रसात विरघळलेली साखर वगैरे १८ भाग. फेब्रुवारीत तोच २०.५ पर्यंत जातो. १८ ब्रिक्सच्या रसातून किलोभर गूळ काढायला साधारण ४.३ किलो पाणी उडवावं लागतं, २०.५ ला सुमारे ३.६. चुलवाण कोणतंही असो, नोव्हेंबरात जळण जास्तच लागणार. त्यात थंडीच्या सुरुवातीला चिपाडही नीट वाळलेलं नसतं.

नोंदवहीत आधणवार आकडे होते, म्हणून जुन्या चुलवाणांचेही फक्त जानेवारीच्या मध्यापासूनचे आकडे वेगळे काढले. सरासरी २.४ ऐवजी २.१ आली. नव्यांची १.९ होतीच. बचत २१ टक्के नव्हती, साडेनऊच्या आसपास होती. पत्रक छापण्याआधी ही आकडेमोड कोणालाही अर्ध्या तासात करता आली असती.

मुलाखती. १७ जणांशी बोलणं झालं : तीन मालक, पाच गुळवे, जाळ घालणारे चार मजूर आणि प्रकल्पाची पाच माणसं. प्रत्येकी सुमारे ४० मिनिटं. मालक आणि गुळवे वेगवेगळे. गुळव्यांशी गुऱ्हाळावरच, एक आधण उतरून दुसरं चढेपर्यंतच्या वेळेत.

‘तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो आधी विचारला की समोरचा माणूस भाषणात शिरतो. सुरुवात घटनेपासून केली : ‘त्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी भट्टी कशी पेटवली, सांगा.’ आधी आठवेल तसं सांगू दिलं आणि नोंदवहीचं पान नंतर पुढे केलं, कारण आधीच पान दाखवलं की माणूस तेच वाचून दाखवतो.

दुसऱ्या गुऱ्हाळावरच्या साठीतल्या गुळव्याने चुलवाणाविषयी विचारल्यावर हातातला झारा बाजूला ठेवला आणि म्हणाला, “भट्टी झ्याक हाय, बाई. पर चिपाड वाळवायचं पटांगणच तुमी खाल्लं की.” मग त्याने उठून जागा दाखवली. दुसऱ्या काहिलीचे ते १२ फूट थेट पटांगणात गेले होते. पूर्वी चिपाड पातळ पसरून तीन-चार दिवस उन्हात राहायचं. आता जागा कमी, म्हणून दीड-दोन दिवसांतच गोळा करून गंजी लावावी लागत होती. टेपने मोजल्यावर दोन गुऱ्हाळांवर पटांगण जवळपास एक तृतीयांशाने आटलेलं निघालं. तिसऱ्यावर जागा भरपूर होती आणि शेडही होती.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला होता. क्षेत्र सहायकाच्या डायरीत त्या आठवड्यातल्या एका पानावर निळ्या पेनाने लिहिलेलं सापडलं : ‘चिपाड वल्लं. वजन जास्त भरतंय. सरांना सांगितलं.’ सरांना ते आठवत नव्हतं. व्हॉट्सॲप गटात त्याच दिवशीचा गंजीचा फोटो होता, त्याखाली हीच तक्रार आणि उत्तरादाखल एक अंगठा. त्या सहायकाचं कंत्राट पुढच्या उन्हाळ्यात संपलं, डायरी कपाटात गेली. त्याची मुलाखत फोनवर झाली. ‘काटा खोटं सांगतोय असं मी म्हणत होतो,’ एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

तपासणी. दुसऱ्या हंगामातल्या घसरणीची चार कारणं मांडली : गुळवे नवखे होते, रसाचा ब्रिक्स कमी होता, बांधकामात खोट आली, चिपाड ओलं होतं. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहिल्या. हे खरं असेल तर नोंदींत काय दिसायला हवं, आणि काय दिसता कामा नये.

गुळव्यांचं नवखेपण खरं असतं तर हात बसत जाईल तसे आकडे आठवड्यागणिक सुधारायला हवे होते. तसं काही दिसलं नाही. गुळव्या बदलला होता तो एकाच गुऱ्हाळावर, आणि तिथलेच आकडे त्यातल्या त्यात बरे होते. शेडवालं गुऱ्हाळ तेच. चौदाव्या क्रमांकाचा धडा इथेच निकालात निघाला. ब्रिक्सची नोंद दोन्ही प्रकारच्या गुऱ्हाळांवर सारखी होती, त्यामुळे तुलनेतला फरक त्याने पडत नव्हता. धुराड्याच्या तापमानाच्या नोंदी दोन्ही हंगामांत जवळपास सारख्या होत्या, मोठी खोट असती तर तिथे दिसली असती.

राहिलं ओलं चिपाड. घाण्यातून निघालेल्या ताज्या चिपाडात निम्मं पाणीच असतं. ओलावा १५ टक्के असेल तर किलोमागे साधारण १४ मेगाज्यूल उष्णता हाती लागते, ३० टक्के असेल तर ११. दुहेरी मार आहे : पाण्याचं वजन जळत नाही, आणि ते उडवायला उरलेल्या चिपाडाचीच उष्णता जाते. म्हणजे काट्यावर १.९ किलो भरणारं काम चिपाड ओलं झाल्यावर आपोआप २.४ किलो दाखवतं, चुलवाणात तसूभर फरक न पडता.

पण दुसऱ्या हंगामात ओलावा कोणी मोजलाच नव्हता. इथे आणखी एक गोष्ट हाती लागली. तिसऱ्या हंगामात याच विभागातल्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी चार गुऱ्हाळांवर २२ दिवस चिपाडाचा ओलावा मोजला होता. प्रबंध ग्रंथालयात होता, दोन मजले वर. प्रकल्पाच्या आकड्यांशी तो कधी जोडला गेला नव्हता. जोडल्यावर दिसलं की जुन्या चुलवाणांवर ओलावा सरासरी १७ टक्के आणि नव्यांवर २५ टक्के होता. दोन्हीकडे किलोमागे २.२ किलो चिपाड लागलं असलं, तरी पाणी वजा करता ते अनुक्रमे १.८३ आणि १.६५ किलो होतं. बचत सुमारे १० टक्के.

पहिल्या हंगामाची फेरमांडणी आणि तिसऱ्या हंगामाचा ओलावा, दोन वेगळ्या वाटांनी आकडा एकाच ठिकाणी आला. चुलवाण चालत होतं. त्याने जळण वाचवलं आणि त्याच्याच लांबीने चिपाड ओलं ठेवून ती बचत काट्यावरून पुसली.

प्रबंधातला एक तक्ता वापरण्याआधी दुरुस्त करावा लागला. २०० ग्रॅम नमुना वाळून १५० ग्रॅम झाला, तर ओल्या वजनावर ओलावा २५ टक्के होतो आणि कोरड्या वजनावर ३३. एका पानावर दुसरा हिशेब घुसला होता. ओलाव्याचा आकडा कुठल्या वजनावर काढला आहे हे लिहिलेलं नसेल, तर तो वापरू नये.

मालक भट्टी का मोडत नव्हते, याचं उत्तर आधणाच्या वेळांत निघालं. रस आधीच तापून येत असल्यामुळे एक आधण ३ तास १० मिनिटांऐवजी अडीच तासांत उतरत होतं. दिवसाला चाराऐवजी पाच आधणं. सुरू झाल्याची आणि उतरल्याची वेळ नोंदवहीत रोज लिहिली जात होती, पण ती प्रकल्पाचा निर्देशक नव्हती, म्हणून तीन हंगामांत तिची बेरीज कोणी केली नाही. मालकाला वाचलेल्या चिपाडापेक्षा उसाची गाडी दारात थांबत नाही, याचं अप्रूप जास्त होतं.

धडे लिहिणं

२७ चे शेवटी ४ झाले. आणखी ६ गोष्टी ‘नोंदी’ म्हणून वेगळ्या ठेवल्या : खऱ्या, पण कारण पक्कं नाही अशा. प्रत्येक धड्याला दोन चाळण्या लावल्या होत्या. पहिली उलट करून पाहण्याची. ‘समन्वय वाढवावा’ याच्या उलट कोणी शहाणा माणूस सांगेल का? नाही. मग त्या वाक्यात माहितीही नाही. दुसरी चाळणी : हा धडा वाचून कोणता माणूस, कोणत्या दिवशी, कोणतं काम वेगळं करेल? नाव घेता आलं नाही, तर धडा परत.

पहिला धडा अंतिम रूपात असा होता :

‘परिस्थिती : चिपाडासारख्या, ओलावा बदलत्या असलेल्या जळणाच्या वजनावरून दोन चुलवाणांची तुलना. काय केलं : ओलावा न मोजता कच्चं वजन वापरलं. काय झालं : १० टक्क्यांची बचत एका हंगामात २१, एकात ४, एकात शून्य दिसली. कसं : ओलावा ऋतूनुसार आणि वाळवणाच्या जागेनुसार बदलतो, जागा नव्या बांधकामानेच घटवली. पुढे काय : क्षेत्र सहायकाने प्रत्येक गुऱ्हाळावर आठवड्यातून दोनदा नमुना घ्यावा, तुलना एकाच पंधरवड्यातल्या आधणांचीच करावी, आराखडा मंजूर करण्यापूर्वी प्रकल्प अभियंत्याने वाळवणाची जागा टेपने मोजून नकाशावर दाखवावी. पुराव्याची ताकद : पहिल्या व तिसऱ्या हंगामासाठी मध्यम, दुसऱ्यासाठी कमकुवत (ओलावा मोजलेला नाही). कुठे लागू नाही : चिपाड शेडमध्ये वाळवलं जातं तिथे.’

शेवटच्या दोन ओळींवरून बैठकीत बराच वाद झाला. ‘कमकुवत’ हा शब्द प्रकल्पप्रमुखांना नको होता. तो राहिला, आणि बरं झालं.

एक निर्णय मात्र लेखनापलीकडचा होता. २१ टक्क्यांचं पत्रक लोकांच्या हातात होतं. गप्प बसायचं, अहवालात आत कुठेतरी दुरुस्ती टाकायची, की उघड सांगायचं? दोन दिवस घोळ चालला. महाविद्यालयाच्या नावाचा प्रश्न आहे असं एका बाजूचं म्हणणं, तर पत्रक बघून कोणी कर्ज काढून चुलवाण बांधलं तर काय, असं दुसऱ्या बाजूचं. शेवटी दुरुस्ती अहवालाच्या पहिल्या पानावर गेली आणि दुरुस्त पत्रकाच्या २०० प्रती काढल्या.

निष्पत्ती

निधी देणाऱ्यांनी दोन लेखी खुलासे मागितले आणि हप्ता सहा आठवडे लांबला. त्या काळातले पगार संस्थेला आपल्या गंगाजळीतून करावे लागले. खुलाशांनंतर अहवाल मंजूर झाला.

धडे कुठे ठेवायचे यावर वेगळा विचार झाला होता. धड्यांची मोठी भांडारं उभी राहतात आणि धूळ खातात. नासाच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१२ मध्ये नासाच्या अशाच भांडाराबद्दल म्हटलं होतं की, व्यवस्थापक त्यातले धडे नियमितपणे वापरतही नाहीत आणि त्यात भरही घालत नाहीत. म्हणून इथे चारही धडे अहवालातून उचलून कामाच्या कागदांत घातले. आधणाच्या नोंदवहीत ओलाव्याचा रकाना छापला. बांधकामाच्या मंजुरी-पत्रकात ‘वाळवणाची जागा : आधी / नंतर, चौरस फूट’ ही ओळ आली. विभागातल्या प्रबंधांची यादी दर एप्रिलला प्रकल्पांच्या आकड्यांशी ताडून पाहण्याचं काम एका प्राध्यापकांकडे दिलं.

पुढच्या हंगामात आणखी दोन गुऱ्हाळांवर चुलवाण बांधलं, तेव्हा मंजुरी-पत्रकातल्या त्या ओळीमुळे एका ठिकाणी आराखडा काटकोनात वळवला गेला आणि पटांगण वाचलं. ओलाव्याचा रकाना मात्र पहिला महिनाभर रिकामा राहिला. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा लागतो आणि ओव्हन शहरात. नमुन्याच्या पिशव्या गाडीच्या डिकीत दोन-दोन दिवस पडून राहायच्या, गाठ सैल, पाणी उडून गेलेलं. प्रयोगशाळेत तोलल्यावर ओलावा कमी दिसायचा. तोडगा साधा निघाला. गंजीच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेलं चिपाड मिसळून त्याचा २०० ग्रॅमचा नमुना गुऱ्हाळावरच एक ग्रॅमच्या काट्यावर तोलायचा आणि ते वजन पिशवीवर लिहायचं. मग वाटेत पाणी उडालं तरी हिशेब बिघडत नाही, कारण सुरुवातीचं वजन जागेवरचं आहे. फक्त चिपाड सांडता कामा नये. दुसऱ्या महिन्यापासून रकाना भरू लागला.

वेगळं काय करता आलं असतं

ही उजळणी दर एप्रिलमध्ये, गुऱ्हाळं बंद झाली की, दोन दिवसांत करता आली असती. पहिल्याच एप्रिलला घटनाक्रम लावला असता तर विटांच्या उशिराचा घोटाळा पत्रकाआधी दिसला असता. तीन हंगामांचं एकदम उकरून काढायला पाच आठवडे लागले, तरी एक तृतीयांश तक्ता लालच राहिला.

क्षेत्र सहायकाचं कंत्राट संपताना त्याच्याशी तासभर बसून डायरी चाळायला हवी होती. प्रकल्पातला सर्वांत कमी पगाराचा माणूस सर्वांत आधी ओळखतो आणि सर्वांत आधी निघून जातो. हस्तांतराची वही त्याच्यासाठी नसतेच.

संयुक्त बैठकीत प्रकल्पप्रमुख पहिले बोलले. हेतू चांगला होता, चूक कबूल करूनच त्यांनी सुरुवात केली, पण त्यानंतर तासभर सगळ्यांनी त्याच मुद्द्याभोवती फेर धरला. आधी प्रत्येकाने चार ओळी कागदावर लिहून द्यायच्या आणि मग बोलायचं, एवढं केलं असतं तरी आणखी दोन मुद्दे वर आले असते. ते नंतर चहाच्या वेळी आले.

अडत्यांशी कोणीच बोललं नाही. आधण लवकर उतरल्याने गुळाच्या रंगात फरक पडला का, सौद्यात दर बदलला का, हे तेच सांगू शकले असते. ही त्रुटी सहा नोंदींमध्ये लिहून ठेवली आहे.

आणि तिसरं गुऱ्हाळ, शेडवालं. तिथे पटांगणाचा प्रश्न नव्हता, चिपाड कोरडं होतं, तरीही दुसऱ्या हंगामातली बचत अपेक्षेपेक्षा कमी भरते. चारही कारणं तिथे अपुरी पडतात. अहवालात त्यासमोर ‘उलगडा झाला नाही’ असं लिहिलं आहे.

दुरुस्त पत्रकाच्या २०० प्रतींपैकी ६० अजून विभागाच्या कपाटात आहेत. पन्हाळा तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या भिंतीवर, धुराने पिवळं पडलेलं २१ टक्क्यांचं जुनं पत्रक अजून चिकटवलेलं आहे.